सिंधुदुर्गाचा तट आणि सांतायानाचं वाक्य

मालवणच्या धक्क्यावरून किल्ला पूर्ण दिसतो, पण दरवाजा दिसत नाही. तटाच्या वळणाआड तो असा बसवलाय की होडी अगदी जवळ गेल्याशिवाय सापडत नाही. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा ऑक्टोबरनंतरच या.

धक्क्याजवळच्या टपरीवर टी-शर्ट टांगलेले: ‘इतिहास विसरतो तो त्याचीच पुनरावृत्ती करतो.’ खाली चर्चिलचं नाव. वाक्य मुळात तत्त्वज्ञ जॉर्ज सांतायानाचं. जन्म माद्रिदचा, १८६३ चा, शिकवायला हार्वर्डमध्ये. ‘द लाइफ ऑफ रीझन’च्या १९०५ साली निघालेल्या पहिल्या खंडात ते येतं: ज्यांना भूतकाळ आठवत नाही, त्यांच्या नशिबी तोच पुन्हा येतो. त्यात ‘इतिहास’ हा शब्दच नाही! नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीच्या ब्लॉक ४ मध्ये सांतायानाच्या नावाने लावलेल्या पाटीवर मात्र ‘इतिहास’ आहे. सांतायाना लढाया-सनावळ्यांबद्दल बोलतच नव्हता. त्याच परिच्छेदात तो म्हणतो, प्रगती बदलावर नाही, कमावलेलं टिकवून ठेवण्यावर उभी असते.

म्हणजे काय, ते दरवाजातून आत गेल्यावर कळतं. तिथे छोट्या घुमटीत चुन्यात उमटलेले हाताचे नि पायाचे ठसे आहेत, महाराजांचे म्हणून दाखवतात. किल्ल्याचा मुहूर्त २५ नोव्हेंबर १६६४ चा. साडेतीनशेहून जास्त वर्षं खाऱ्या वाऱ्यात चुना टिकला.

तो चुना करायचा कसा, हेच आपण विसरत चाललोय. कळीचा, म्हणजे भट्टीत भाजलेला, चुना पाण्यात विरवायचा, निदान काही आठवडे मुरवायचा. मग एका भागाला दोन-तीन भाग वाळू घालून चुन्याच्या घाण्यात मळायचा. वाळू गोडी हवी, समुद्राची घेतली की मीठ भिंतीतच राहतं. एवढा वेळ कुणाला नसतो, म्हणून सांध्यात सिमेंट भरतात. किनाऱ्यावरच्या जुन्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीवर बोट फिरवून बघा: सिमेंटची पट्टी टणक, आणि शेजारचा चिरा पिठासारखा हाताला लागतो. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट अडवतं. मग ओल चिऱ्यातून वाट काढते, वाळताना मिठाचे खडे आत फुगतात आणि पापुद्रे सुटतात. दर दोन-चार पावसाळ्यांनी पुन्हा डागडुजी, पुन्हा सिमेंटनेच.

चुन्याने सांधा भरला तर वर ओलं गोणपाट टाकून ठेवावं लागतं. हवा खात तो हळूहळू घट्ट होतो. मार्चच्या उन्हात उघडा टाकला की दुसऱ्या दिवशी भेगा.