स्मोल्निक दोन आहेत, हे आधी नकाशात बघा

आधी निकाल सांगते, मग वृत्तांत. पोलंडमधलं मूळ गाव शोधायला निघणार असाल, तर 'घराणं शोधून देतो' म्हणणाऱ्याच्या हातावर पैसे ठेवण्याआधी दोन जुने नकाशे स्वतः उघडा. दोन्ही इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात. आमच्या तज्ज्ञाने तेच रंगीत छापून, छान गुंडाळी करून आम्हाला विकले. तेही भलत्याच गावाचे.

नवऱ्याची आजी पोलिश. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यातली ती एक शाळकरी मुलगी. पुढे इंग्लंडला गेली. मी कोल्हापूरची, त्यामुळे लग्न ठरताना आमच्याकडे "म्हणजे वळिवड्याचीच की!" एवढ्यावर विषय मिटला. कागदांवर तिचं जन्मगाव: स्मोल्निक, ल्वुफ प्रांत. वडील जंगलखात्यात. बाकी काही नाही.

आता त्या प्रांतात, एकाच डोंगरपट्ट्यात, स्मोल्निक दोन. एक कोमान्चाजवळ ओस्वावा नदीवर, दुसरं लुतोविस्काजवळ सान नदीवर. मधे सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर. तज्ज्ञाने पहिलं धरलं आणि जाडजूड अहवाल पाठवला. आम्ही तिथे जाऊन दारं ठोठावली, पाऊस खाल्ला, परत फिरलो.

खरं तर उत्तर आजीच्याच गोष्टीत होतं. १० फेब्रुवारी १९४० रोजी सोव्हिएत सैनिकांनी जंगलखात्यातल्या लोकांची कुटुंबं उचलून मालगाड्यांतून सायबेरियाच्या दिशेने नेली, त्यात हे कुटुंब होतं. आणि १९३९ मध्ये जर्मनी व सोव्हिएत रशियाने पोलंड वाटून घेतला तेव्हा या भागातली हद्द होती सान नदी. पश्चिमेला जर्मन, पूर्वेला सोव्हिएत. कोमान्चाचं स्मोल्निक सानच्या पश्चिमेला. तिथून सायबेरियाची गाडी सुटेलच कशी? म्हणजे आमचं गाव दुसरं, लुतोविस्काजवळचं. नकाशावर नदीवरून बोट फिरवलं असतं तरी कळलं असतं. यासाठी त्या गृहस्थांनी घेतलेल्या रकमेत आमचा रंकाळ्यावर महिनाभर नाश्ता झाला असता.

नकाशा निवडताना माणूस कोणत्या साली तिथे राहत होता ते बघा. हा भाग १७७२ पासून ऑस्ट्रियाकडे होता, त्यामुळे ऑस्ट्रियन लष्करी मोजणीचे १:२८,८०० चे नकाशे मिळतात, दिसायलाही देखणे. शेतकरी घराणं असेल तर १:२,८८० चे जमीनमोजणीचे नकाशे सोन्याहून मोलाचे. त्यात लाकडी घर पिवळं, दगडविटांचं लाल, आणि दहा मीटरचं घर कागदावर साडेतीन मिलिमीटरचं दिसतं. मात्र बाप्तिस्म्याच्या नोंदीतला घर क्रमांक आणि नकाशातला भूखंड क्रमांक एक नव्हे, त्यांची जुळणी वेगळ्या रजिस्टरात होते. या मोजणीचा मोठा साठा प्शेमिश्लच्या सरकारी दप्तरखान्यात आहे, आणि दप्तरखान्यांच्या 'शुकाय व आर्खिवाख' या साइटवर बरंच स्कॅन होऊन पडलंय.

आमचा माणूस, म्हणजे आजीचे वडील, मात्र १९३० च्या दशकातला, सरकारी नोकर. त्याची चौकी शंभर वर्षं आधीच्या नकाशात कुठून येणार? तिथे कामाला आला दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला पोलिश लष्करी भूगोल संस्थेचा १:१,००,००० चा नकाशा. एक सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर. त्यात वनरक्षकाच्या चौकीची खूण असते. आमच्या पानावर ती गावाच्या देवळापासून दीड सेंटीमीटरवर, नदीच्या अंगाला होती.

देऊळ म्हणजे १७९१ चं लाकडी चर्च, २०१३ पासून जागतिक वारसा यादीत. जागा धरायला हाच खुंट. त्या टेकडीपर्यंत मोठ्या रस्त्यावरून पायी जाता येतं. गावातल्या एका जीपवाल्याने "रस्ता नाही, गाडीशिवाय अशक्य" म्हणत आमच्याकडून तीनशे झ्लॉटी काढले आणि डांबरीवरच उतरवून दिलं. जीप करू नका.

तिथून खाली नदीकडे जो उतार आहे त्याच्याबद्दल मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. कमरेइतकं गवत, त्याखाली न दिसणारं घोटाभर पाणी, मधे अंगाला लागताच आग करणारी खाजरी झुडपं. आपल्याकडची करवंदीची जाळी परवडली. एक किलोमीटरला किती वेळ लागला ते सांगत नाही, नवऱ्याची अब्रू जाईल. फुलपँट मोज्यात खोचा, संध्याकाळी गोचिडी तपासा, अस्वलांचा भाग आहे तेव्हा मोठ्याने बोलत चाला. आम्ही भांडत होतो, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

विचारायला कुणी भेटेल ही आशा सोडा. हा तुकडा १९५१ पर्यंत सोव्हिएत युनियनमध्ये होता. त्या वर्षी जमिनींची अदलाबदल झाली, जुन्या रहिवाशांना दूर युक्रेनच्या दक्षिणेकडे पाठवलं, आणि आत्ता इथे आहेत ते नंतर आलेले.

आणि तरीही सापडलं! झुडपांत दगडी पायाचा कोपरा, शेजारी खोडावर शेवाळ आलेलं सफरचंदाचं झाड. नवऱ्याने इतक्या जोरात आरोळी ठोकली की पलीकडचे पक्षी उडाले. आता हाच तो पाया असं छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण त्या नकाशावर एक मिलिमीटरची खूण जमिनीवर शंभर मीटर भरते. पण आसपास दुसरा पाया दिसला नाही, आणि मला तेवढं पुरे.

बाकी: विमानाने झेशुफ, तिथून गाडी भाड्याने घ्या. इकडे बस नावापुरती. क्राकुफ सुंदर आहे, त्यावर सगळ्यांनी लिहिलंय. लेस्को शहर जुन्या नकाशांत 'लिस्को' म्हणून शोधा. सीमा जवळ असल्याने टेकडीवर फोन युक्रेनचं नेटवर्क पकडतो. घड्याळ एक तास पुढे उडी मारतं आणि प्लॅनमध्ये युक्रेन नसेल तर बिलही उडी मारतं, आमचं मारलं. रोमिंग बंद करा, नकाशे आधीच उतरवून ठेवा. वाटेत आम्हाला कुठेही शौचालय दिसलं नाही, लुतोविस्कातच उरकून निघा.