सिनसिनाटीला थांबलेली चौकट

४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार. विधानसभेचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस, त्यात आरेच्या याचिका हायकोर्टाने फेटाळलेल्या, त्यामुळे आमच्या दैनिकात पहिल्या पानाची माणसं चहालाही उठत नव्हती. क्रीडा डेस्कवर आम्ही दोघं-तिघं. विशाखापट्टणमच्या कसोटीचा तिसरा दिवस, एल्गरच्या १६० धावा, डी कॉकचं शतक, अश्विनचे पाच बळी. लीड ठरलेली. फक्त त्या दिवशी वरळीच्या डोममध्ये एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, सामनाही होता. भारतात पहिल्यांदाच. सॅक्रमेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स.

बास्केटबॉलला आमच्याकडे एरवी चार ओळी मिळतात. त्या दिवशी मात्र क्रीडा संपादक टेबलापाशी येऊन म्हणाले, "किंग्जच्या इतिहासाची एक चौकट दे. अडीचशे शब्द. मालक आपलाच आहे, रणदिवे. तिथूनच सुरू कर."

विवेक रणदिवे मुंबईत जन्मले, इथेच वाढले, एमआयटीत शिकायला गेले, सॉफ्टवेअरच्या धंद्यात मोठे झाले, हे सगळं खरं. पण त्यांनी संघ घेतला २०१३ मध्ये, आणि संघाची मुळं थेट १९२३ पर्यंत जातात. नव्वद वर्षांचा संसार सोडून मी शेवटच्या घरमालकापासून सुरुवात कशी करणार? "बरं सर," म्हणालो आणि माझ्या पद्धतीने लिहायला बसलो.

या संघाचं म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावी सुरुवात. मधली काही वर्षं एका दारू कंपनीच्या पैशावर, तिच्याच नावाने खेळले. (हे वाक्य संपादकांनी नवरात्रात नको म्हणून काढायला लावलं.) मग नाव झालं रॉयल्स. १९५१ च्या अंतिम फेरीत न्यूयॉर्क निक्सविरुद्ध पहिले तीन सामने जिंकले, पुढचे तीन हरले आणि सातवा ७९-७५ असा जिंकून अजिंक्यपद घेतलं. एनबीएचं आजतागायत तेवढं एकच. १९५७ मध्ये सिनसिनाटी. १९७२ मध्ये कॅन्सस सिटी, तेही अर्धं, कारण घरचे सामने ओमाहाबरोबर वाटून घेतलेले. कॅन्सस सिटीत बेसबॉलचे रॉयल्स आधीच होते, म्हणून हे किंग्ज झाले. तिथे १९७९ च्या वादळात राहत्या स्टेडियमचं छतच कोसळलं. १९८५ मध्ये सॅक्रमेंटो. आणि २०१३ मध्ये तिथूनही सिएटलला जायची तयारी झाली होती, ती लीगच्या मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी मोडून काढली. रणदिवे येतात ते इथे.

हे भराभर लिहून झालं असतं. पण सिनसिनाटीत मी अडकलो.

मॉरिस स्टोक्स आणि जॅक ट्वायमन. दोघंही १९५५ मध्ये संघात आलेले, एक काळा, एक गोरा. स्टोक्स ताकदवान आणि चपळ, पहिल्याच मोसमात सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला. १२ मार्च १९५८ ला मिनिॲपोलिसमध्ये साखळीतला शेवटचा सामना होता. बास्केटकडे झेपावताना तो पडला, डोकं फरशीवर आपटलं, शुद्ध गेली. हुंगायला काहीतरी देऊन शुद्धीवर आणलं आणि तो पुन्हा खेळायला उतरला. तीन दिवसांनी डेट्रॉइटला बाद फेरीचा सामनाही खेळला. मग परतीच्या विमानात बसला.

इथपर्यंत माझे शब्द अडीचशेच्या पुढे गेलेले. पुढचं लिहून चारशे झाले. म्हटलं, बघू.

तिकडे डोममधून आमच्या बातमीदाराचे फोन. प्रेक्षकांत तीन हजारांच्या आसपास शाळकरी पोरं होती, दुसऱ्या दिवशीचा सामना इतर लोकांसाठी. त्या किंकाळ्यांत मला त्याचं एक अक्षर कळेना. "ओव्हरटाइम!" एवढं मात्र तीनदा ऐकू आलं. नेमकी डाक आवृत्ती, म्हणजे बाहेरगावी जाणारा लवकरचा अंक, सोडायची वेळ. निकालाशिवाय बातमी लावली आणि त्याच सुमारास कुठल्यातरी उमेदवाराची दोन कॉलमी जाहिरात पानावर येऊन बसली.

आमचे ऑपरेटर काका पंचवीस वर्षं पानं लावताहेत. मजकूर जास्त झाला की खालून कापायचा, हा त्यांचा धर्म, आणि बातमीला तो लागूही पडतो, कारण बातमीत महत्त्वाचं वर असतं. इतिहासाचं तसं नसतं हे त्यांना सांगायला मी जागेवर नव्हतो. मी कॉरिडॉरमध्ये उभा राहून फोनवर "किती-किती?" करून ओरडत होतो. १३२-१३१, पेसर्स. परत आलो तोवर डाकेचं पान गेलं होतं. प्रिंट हातात घेतली. मथळा ठसठशीत: 'सॅक्रमेंटोचे किंग्ज मुंबईत'. खाली चौकट, आणि चौकटीचं शेवटचं वाक्य: 'मग तो परतीच्या विमानात बसला.'

बस्स. सॅक्रमेंटो नाही, कॅन्सस सिटी नाही, रणदिवे नाहीत. अर्ध्या महाराष्ट्रात हा संघ सिनसिनाटीच्या वाटेवर हवेतच राहिला.

काकांना बोलून उपयोग नव्हता. "चारशे शब्द दिलेस कशाला?" म्हणाले. बरोबरच होतं. शहर आवृत्तीसाठी चाळीस मिनिटं होती. सिनसिनाटीचाच मोठा खेळाडू ऑस्कर रॉबर्टसन दोन वाक्यांत बसवला (१९६१-६२ मध्ये सामन्यामागे सरासरी ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट, याहून कमी शब्दांत तो माणूस सांगता येत नाही), २००२ ची लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्धची सात सामन्यांची झुंज एका वाक्यात, रणदिवे एका वाक्यात. स्टोक्स मात्र पूर्ण ठेवला. संपादकांनी पान बघितलं, "रणदिवे एवढेच?" विचारलं, घड्याळाकडे पाहिलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला ऑफिसात पोचतो न पोचतो तोच रिसेप्शनवरून फोन जोडून दिला. तालुक्याच्या एका शाळेतले पी.टी.चे सर.

"तुमच्या त्या चौकटीचं विचारायचं होतं. तो मुलगा विमानात बसला. पुढं?"

मी माफी मागितली, जाहिरातीचं सांगितलं. "ते असू द्या हो. पुढं काय झालं ते सांगा. सकाळी ग्राउंडवर पोरांना वाचून दाखवलं आणि तोंडघशी पडलो."

मग सांगितलं. विमानातच झटके आले, तो कोमात गेला. शुद्ध आली तेव्हा सर्वांग लुळं, बोलता येईना. वय २४. तेव्हा खेळाडूंना आजच्यासारखं विम्याचं कवच नव्हतं, आणि त्याच्या खात्यातून पैसे काढायचे तर सही करायला हात चालत नव्हता. ट्वायमन २३ वर्षांचा. त्याने कोर्टात जाऊन स्वतःला स्टोक्सचा पालक नेमून घेतलं. तो मुळाक्षरं म्हणायचा, हवं ते अक्षर आलं की स्टोक्स पापणी मिटायचा, असे शब्द जुळवायचे. खर्चासाठी कामगार नुकसानभरपाईचा दावा लढवला, दर उन्हाळ्यात मोठमोठ्या खेळाडूंचा मदतीचा सामना भरवला. बारा वर्षं. स्टोक्स १९७० मध्ये गेला. २००४ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तेव्हा तो मान ट्वायमननेच स्वीकारला.

"बारा वर्षं," सर म्हणाले. मागे पोरांचा गलका ऐकू येत होता, कुणीतरी चेंडू आपटत होतं. "लग्नबिग्न झालं होतं का त्या ट्वायमनचं?"

"हो. बायकोनंही खूप केलं."

"बरोबर आहे. तिच्याशिवाय नसतं जमलं." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "आणि मग हा संघ आता आहे कुठं? सिनसिनाटीलाच?"

डोममध्ये संध्याकाळी दुसरा सामना होता.

"सध्या वरळीत," मी म्हणालो.