आमची वाटचाल : पुढचा शॉकप आणि मोजमापाची वही

कोल्हापुरात मोटारसायकलच्या पुढच्या फोर्कला, म्हणजे पुढचे चाक धरून दणके झेलणाऱ्या दोन नळ्यांना, सगळेच शॉकप म्हणतात, आणि तो गळू लागला की ‘सील बदलून द्या’ एवढेच मागणे असते. सील म्हणजे आतले तेल अडवणारी रबरी कडी. २००९ साली माझ्या जुन्या आरएक्स १०० ची उजवी बाजू गळू लागली तेव्हा माझेही मागणे तेवढेच होते. त्या वेळी मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका मशीन शॉपमध्ये तपासणी विभागात नोकरीला होतो आणि दिवसभर माझ्या हातात मायक्रोमीटर व डायल गेज असायचे. सील दोनदा बदलूनही पंधरा दिवसांत तेल पुन्हा उतरले, तेव्हा मी ती बाजू घरी आणली आणि सोप्यात वर्तमानपत्र अंथरून उघडली. पाइपवरून नख फिरवल्यावर, सील जिथून वरखाली होते नेमक्या त्या पट्ट्यात, मोहरीपेक्षाही लहान असा गंजाचा एक खड्डा लागला. प्रत्येक दणक्याला त्या खड्ड्याची धारदार कड रबराच्या ओठावरून फिरत होती; मग नवे सील तरी किती दिवस टिकणार? ती कड मी बारीक ऑइल स्टोनने मोडली, खड्डा इपॉक्सीने भरून गुळगुळीत केला आणि तिसरे सील बसवले. ते पुढे चार वर्षे कोरडे राहिले.

मित्रांच्या गाड्या येऊ लागल्या त्या यानंतर. प्रत्येक शॉकपसाठी वहीचे एक पान करायचे, हा नियम मी पहिल्याच महिन्यात घातला. पाइपचा व्यास तीन ठिकाणी, व्ही-ब्लॉकवर फिरवून डायलने घेतलेला बाक (वाकलेपणा), स्प्रिंगची मोकळी लांबी, काढलेल्या तेलाचे माप आणि त्याचा रंग, एवढ्या नोंदी झाल्याशिवाय नवा भाग बसवायचा नाही. तेल करडे आणि चमचमीत निघाले की आतले बुश (पाइप सरकताना ज्यावर टेकतो ती कडी) किंवा अॅल्युमिनियमचे बॉटम (पाइप ज्यात सरकतो ते नळकांडे) झिजत आहे हे कळते. दुधाळ निघाले की पाणी शिरलेले असते. आज आमच्याकडे अशा अकरा वह्या आहेत, आणि नव्या मुलाला कामावर घेतले की पहिला आठवडा त्याला पाना हातात न देता या वह्याच वाचायला देतो.

घरच्या कामाची अवजारेही घरचीच होती. बॉटमच्या तळाचा अॅलन बोल्ट सैल करताना आतला डॅम्पर रॉड (तेलाला अडवून शॉकपची हालचाल आवरणारी भोकांची नळी) त्याच्याबरोबरच फिरू लागतो. त्याला अडवण्यासाठी मी फावड्याच्या दांड्याचे टोक निमुळते तासून पाइपमधून आत ठोकत असे. नवे सील ठोकून बसवायला योग्य मापाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा पुरतो. पाइपच्या काठावरून सील चढवताना काठावर तेल लावलेली पातळ प्लास्टिकची पिशवी घातली तर सीलचा ओठ फाटत नाही. ही युक्ती आम्ही अजूनही वापरतो, कारण तिच्याहून चांगले साधन मला अद्याप मिळालेले नाही.

२०१४ साली मी नोकरी सोडून शिवाजी उद्यमनगरात एक गाळा भाड्याने घेतला. आईला हा निर्णय पटला नव्हता आणि तिचे चुकतही नव्हते, कारण पहिले दीड वर्ष गाळ्याचे भाडे माझ्या पत्नीच्या शाळेतल्या पगारातून जात होते. २०१६ मध्ये मुद्रा योजनेतून कर्ज मिळाले आणि हायड्रॉलिक प्रेस व ग्रॅनाइटची सरफेस प्लेट (मापे तपासायची अगदी सपाट शिळा) आली. अपघातात वाकलेले पाइप सरळ करण्याचे काम त्यामुळे घेता येऊ लागले. बहुतेक उत्पादकांच्या दुरुस्ती पुस्तिकांत पाइपच्या बाकाची मर्यादा ०.२ मिमी दिलेली असते. पाइप थंडच दाबायचा, उष्णता अजिबात द्यायची नाही, आणि घडी पडलेला किंवा क्रोम तडकलेला पाइप सरळ न करता परत पाठवायचा, हे आम्ही ठरवून टाकले. ग्राहक नाराज होतो, परंतु घाटात पुढच्या चाकावर ज्याचा जीव आहे त्याला असा पाइप देणे मला मान्य नाही.

सुधारणेच्या कामाकडे मात्र आम्ही थोडे उशिरा वळलो. साध्या डॅम्पर रॉडच्या शॉकपमध्ये तेल ठरावीक भोकांतून जाते, आणि भोकातून जाणाऱ्या तेलाचा विरोध वेगाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. म्हणूनच असा शॉकप ब्रेक लावताना सावकाश दबत असेल तेव्हा मऊ वाटतो आणि खड्ड्याची कड लागताच कठीण होऊन दणका थेट मनगटात देतो. यावर बरेच लोक दाट तेल भरतात. त्याने ब्रेकचा झोका थोडा कमी होतो, पण दणका वाढतो. कॅलिफोर्नियाच्या रेस टेक या कंपनीने रूढ केलेला इम्युलेटर नावाचा व्हॉल्व्ह हा प्रश्न चांगला सोडवतो. डॅम्पर रॉडच्या डोक्यावर तो बसतो, मुख्य स्प्रिंग त्याला जागेवर दाबून धरते, आणि सावकाश हालचालीत तेल त्याच्या लहान भोकातून जाते, तर जोराच्या दणक्याला त्याची स्प्रिंगवरची झडप उघडते. त्यासाठी डॅम्पर रॉडची दाबाकडची भोके (शॉकप दबताना तेल ज्यांतून जाते ती) ड्रिलने मोठी करावी लागतात, म्हणजे अडवण्याचे काम भोकांकडे न राहता झडपेकडे जाते. एकदा पाडलेले भोक बुजत नाही, हे आम्ही ग्राहकाला आधीच स्पष्ट सांगतो. शॉकप वर येतानाचा विरोध मात्र रॉडच्या वरच्या भोकांवर आणि तेलाच्या दाटपणावरच राहतो. ती भोके कोणी उत्साहाच्या भरात मोठी केली तर गाडी उड्या मारू लागते. २०१८ पासून आम्ही याच तत्त्वावरचे व्हॉल्व्ह आमच्या लेथवर तयार करतो.

त्याआधी स्प्रिंगने मला एक महाग धडा दिला होता. मूळ स्प्रिंग नव्वद किलोच्या चालकाला मऊ पडते म्हणून ४.० मिमी तारेच्या स्प्रिंगांची पहिली खेप आम्ही बाहेरून वळवून घेतली. गाड्यांना बसवल्यावर एकामागून एक तक्रार आली की पुढचे चाक रस्त्यावर टेकतच नाही. मायक्रोमीटर लावला तर तार ४.१ मिमी निघाली. बाकी सर्व मापे तीच असताना स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे अडीच टक्के जाड तारेने दहा टक्क्यांहून अधिक ताठपणा आला होता. नोकरीत ज्याने आयुष्यभर येणारा माल तपासला त्यानेच स्वतःच्या दुकानात तो न तपासता बसवावा, याची मला फार लाज वाटली. सगळ्या स्प्रिंगा आम्ही स्वखर्चाने परत घेतल्या. त्या दिवसापासून प्रत्येक स्प्रिंग आम्ही वजनकाट्यावर उभी करून ड्रिल मशीनच्या स्पिंडलने दाबतो. २० मिमी दाबल्यावर काटा ९.६ किलो दाखवत असेल तर ती ०.४८ किलो प्रति मिमीची स्प्रिंग झाली. तो आकडा रंगाने स्प्रिंगवर लिहिला जातो आणि मगच ती बाहेर पडते. घरीही हे मोजमाप कोणालाही करता येते.

तेलाचा घोळ माझ्या पत्नीने सोडवला. ती पदार्थविज्ञान शिकवते. दोन कंपन्यांची ‘१० डब्ल्यू’ लिहिलेली तेले तिने एकाच भोकाच्या पेल्यातून गाळली आणि घड्याळ लावले, तेव्हा दोघांच्या वेळांत सहज जाणवण्याइतका फरक निघाला. शॉकपच्या तेलावरचा दाटपणाचा हा अंक कंपनीगणिक वेगळा अर्थ घेऊन येतो. ४० अंश सेल्सियसला तेलाचा दाटपणा किती सेंटिस्टोक आहे तो आकडा पाहावा, हे आमच्या कामात तिच्यामुळे आले.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शहरात शिरले आणि कित्येक गाड्या दिवसेंदिवस पाण्याखाली राहिल्या. पाणी ओसरल्यावर लोकांनी आधी इंजिने उघडली, ते स्वाभाविकच होते. शॉकप आमच्याकडे आले ते दिवाळीच्या सुमारास, आणि तोवर डस्ट सीलच्या (धूळ अडवणाऱ्या बाहेरच्या सीलच्या) खाली अडकलेल्या गाळाने पाइपभोवती गंजाची बांगडीच कोरलेली होती. तेल ताकासारखे निघत होते. त्या तीन महिन्यांत आम्ही जेवढे पाइप पाहिले तेवढे आधीच्या दोन वर्षांत पाहिले नसतील. त्यातले बरेचसे हार्ड क्रोमला द्यावे लागले. त्यात जुना थर उतरवून पाइप ग्राइंड करतात, मापापेक्षा जाड नवा थर चढवतात आणि पुन्हा ग्राइंड करून मूळ व्यासावर आणतात. क्रोमची टाकी आपणच बसवावी असा सल्ला तेव्हा अनेकांनी दिला. या टाकीत हेक्साव्हॅलंट क्रोमियम असते. ते कर्करोगकारक आहे आणि त्याचे सांडपाणी दाट वस्तीतल्या गाळ्यातून गटारात जाणे मला सहन झाले नसते. त्यामुळे हे काम सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या परवानाधारक कारखान्यातच जाते. त्यात आठ-दहा दिवस जास्त लागतात. जुलै २०२१ च्या पुरावेळी मात्र आम्ही पाणी चढायच्या आधीच ओळखीच्या सर्व ग्राहकांना कळवले होते की गाडी बुडालीच तर पहिल्या आठवड्यात डस्ट सील उचलून आतला गाळ धुवा आणि तेल काढून टाका. ज्यांनी ते केले त्यांचे पाइप वाचले.

२०२० च्या टाळेबंदीत गाळा बंद होता, आणि बेळगाव, सांगली, गोव्याहून फोन येत होते. तेव्हा आम्ही घरी करता येईल असा संच तयार केला. त्यात सीलची जोडी, तांब्याचे वॉशर, मोजून भरलेले तेल, चालकाच्या वजनानुसार स्प्रिंग आणि मराठीत लिहिलेली आठ पानांची पुस्तिका असते. पुस्तिकेत ज्या गोष्टी मी अधोरेखित केल्या आहेत त्या बहुतेक क्रमाच्या आहेत. वरचा बोल्ट शॉकप ‘टी’मध्ये (हँडलखालच्या पकडीत) घट्ट असतानाच सैल करायचा, कारण बाहेर काढल्यावर तो धरायला काही राहत नाही. तळाचा अॅलन बोल्टही स्प्रिंगचा दाब असेपर्यंतच सैल करून ठेवायचा. तेलाची पातळी स्प्रिंग बाहेर असताना, शॉकप पूर्ण दाबून, पाइपच्या वरच्या काठापासून खाली मोजायची; दोन्ही बाजूंना ती सारखीच हवी. वर उरलेली हवा दुसऱ्या स्प्रिंगचे काम करते, त्यामुळे ‘थोडे जास्त’ तेल घातले की शॉकपच्या दबण्याच्या प्रवासाचा शेवटचा टप्पा दगडासारखा होतो आणि सीलवर ताण येतो. चाक बसवल्यावर एक्सलचा क्लॅम्प बोल्ट लगेच आवळायचा नाही. पुढचा ब्रेक धरून गाडी चार-पाचदा दाबायची, दोन्ही बाजूंना आपली जागा घेऊ द्यायची आणि मग आवळायचा. हे न केल्यामुळे नवीकोरी सीले चढलेला शॉकप अडकत चालतो आणि दोष आमच्या मालाला दिला जातो, म्हणून ते पान मी लाल शाईत छापले आहे.

आज आम्ही पाच जण आहोत. बुलेट आणि हिमालयन या रॉयल एनफिल्डच्या गाड्यांची कामे सर्वाधिक येतात. हिमालयनच्या शॉकपचा प्रवास २०० मिमी आहे, आणि सामान बांधून लडाखला निघालेल्या चालकाचे त्यातले किती मिमी नुसत्या वजनाने दबतात हे पाइपला केबल टाय बांधून पाहिल्याशिवाय आम्ही स्प्रिंग देत नाही. एकूण प्रवासाच्या पाव ते एक तृतीयांशात ते बसले पाहिजे. उलट्या शॉकपचे (ज्यात पाइप खाली आणि जाड नळकांडे वर असते) काम गेल्या तीन वर्षांत वाढले आहे. त्यात सील खाली असते, चिखल व खडी थेट त्याच्यावर येते आणि गळलेले तेल ब्रेकवर उतरते, म्हणून त्या जोड्या आम्ही रात्रभर उभ्या ठेवून सकाळी कोरड्या फडक्याने पुसून पाहिल्याखेरीज पाठवत नाही.

कुरियरने शॉकप पाठवणाऱ्यांनी आतले तेल काढून टाकू नये. ते कोणत्या रंगाचे आहे हे आम्हाला पाहायचे असते. वरचा बोल्ट घट्ट करून, दोन्ही बाजू उजवी-डावी अशा खुणा करून, उभ्या खोक्यात पाठवाव्यात, आणि सोबत चिठ्ठीवर गाडी किती किलोमीटर चालली, चालकाचे वजन किती आणि मागे कोणी बसते का, एवढे लिहावे.