शांती करता येते, मग भविष्य अटळ कसं?

त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळीच्या शांती-विधीसाठी तीन दिवस काढून येणाऱ्या माणसाने एक गोष्ट मनाशी मान्य केलेलीच असते, की पत्रिकेतलं बदलतं. सगळं अटळ असेल तर शांतीला अर्थच उरत नाही. तरीही घरी परतल्यावर ‘पत्रिकेत योगच नाही’ म्हणत मुलीचं शिक्षण थांबवलं जातं, तेव्हा फार वाईट वाटतं. कारण शास्त्र तसं म्हणतच नाही.

ज्योतिषात कर्म तीन प्रकारचं मानतात: दृढ, अदृढ आणि दृढादृढ. अदृढ उपायाने टळतं, दृढादृढासाठी जोर लावावा लागतो, भोगल्यावाचून सुटत नाही ते फक्त दृढ. याज्ञवल्क्यस्मृतीत तर रथाचाच दाखला आहे: एका चाकावर रथ चालत नाही, तसं पुरुषकाराशिवाय, म्हणजे माणसाच्या प्रयत्नाशिवाय, दैव फळत नाही.

आणि गणित तरी किती पक्कं? चंद्राला एक नक्षत्र (१३ अंश २० कला; ६० कलांचा एक अंश) ओलांडायला साधारण एक दिवस लागतो. जन्मवेळ १५ मिनिटांनी चुकली, तर चंद्र सुमारे ८ कला सरकतो. ग्रहांच्या महादशा, म्हणजे आयुष्यातले त्यांचे कालखंड, चंद्राच्या नक्षत्रातल्या जागेवरून ठरतात. जन्म शुक्राच्या २० वर्षांच्या महादशेत असेल, तर पुढची प्रत्येक दशा अडीच महिने मागेपुढे होते. अयनांश म्हणजे राशिचक्राची सुरुवात ठरवताना करायची वजावट. लाहिरींऐवजी रामन यांचा अयनांश धरला, तर जवळपास दीड अंशाचा फरक पडतो आणि त्याच दशा दोन वर्षांहून जास्त हलतात.

नाशिकला आणखी एक घोळ होतो. इथली सूर्यावरची स्थानिक वेळ घड्याळापेक्षा सुमारे ३५ मिनिटं मागे. सॉफ्टवेअर ती वजाबाकी स्वतःच करतं. कुणी आधीच हाताने केली असेल तर ती दोनदा होते आणि पत्रिकेतलं लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारा राशीचा अंश) नऊएक अंशांनी चुकतं. आजी-आजोबांच्या पत्रिका पाहताना हेही लक्षात ठेवा: १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात युद्धामुळे घड्याळं तासभर पुढे होती. तो तास आधी वजा करावा लागतो.

म्हणून गुरुजींना तीन गोष्टी विचारा. अयनांश कोणता धरला? वेळ दवाखान्याच्या नोंदीतली की कुणाच्या आठवणीतली? आणि वेळ दहा मिनिटं पुढेमागे केली तर फळ टिकतं का? लग्न राशीच्या २९व्या अंशावर असेल, तर दहा मिनिटं पुढे सरकताच पत्रिकेतल्या सातव्या स्थानातला मंगळ सहाव्यात जातो. मंगळदोष गेला. अशा पत्रिकेवरून स्थळ नाकारू नका.