सिक् फान

हाँगकाँगला येऊन चार वर्षं झाली तरी माझं कँटोनीज अजून ताटाबाहेर गेलेलं नाही. बँकेत मी मुकी, दवाखान्यात मुकी, पण जेवायची वेळ झाली की वाचा फुटते.

पहिलं वाक्य शिकवलं बिल्डिंगच्या वॉचमन आजोबांनी. रोज दुपारी लिफ्टपाशी म्हणायचे, "सिक् जो फान मेय् आ?" आणि मी नुसती हसायचे. नंतर कळलं की ते 'जेवलात का' विचारतायत आणि त्याला खरं उत्तर द्यायचंच नसतं, आपल्याकडे गावात कसं 'हो, तुमचं?' म्हणून पुढे जातो, अगदी तस्संच. सिक् म्हणजे खाणं, फान म्हणजे भात, आणि भात खाणं म्हणजेच जेवणं. हे आमच्या कोकणातल्या आजीला शंभर टक्के पटलं असतं, चार पोळ्या खाल्ल्या तरी भात नाही म्हणजे तिच्या लेखी माणूस उपाशीच. त्यात परत कच्चा असेल तर 'मै' आणि शिजला की 'फान'. तांदूळ आणि भात! इंग्लिशमध्ये दोन्ही राइस, त्यामुळे ऑफिसातल्या मैत्रिणीला म्हटलं आमच्याकडे पण दोन शब्द आहेत, तर ती इतकी खूश झाली की विचारू नका. (सिगरेट मात्र हे लोक 'खातात', सिक् यिन. आपण विडी पितो, तेव्हा हसायला जागा नाही.)

घोळ होतो तो सुरांचा. सूर सहा, आणि माझा कान गाण्याच्या परीक्षेत नापास झालेला. एकदा छा छान थेंगमध्ये, म्हणजे आपल्या इराण्यासारख्या तिथल्या हॉटेलात, दूधवाला चहा घेतला आणि साखर मागितली, 'थाँग'. काउंटरवरच्या मावशींनी वाडगाभर सूप आणून ठेवलं, वर गाजर तरंगतंय, खाली डुकराचं हाड. 'थाँग' वरच्या सुरात धरला की सूप, खाली उतरवला की साखर. मी वर धरला होता.

आणि मी शाकाहारी! मग शिकले 'सिक् जाय'. जाय म्हणजे बौद्ध पद्धतीचं सोवळं खाणं, त्यात मांस-मासे तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही, आणि कित्येक म्हाताऱ्या बायका चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी ते पाळतात. एकादशी-चतुर्थीवाल्या घरात वाढलेल्या मला हे समजायला डिक्शनरी लागली नाही. गंमत म्हणजे बिनदुधाच्या काळ्या कॉफीलाही 'जाय-फे' म्हणतात. उपासाची कॉफी!

सगळ्यात आवडता शब्द मात्र 'मान मान सिक्', हळूहळू खा. कुणी आधी जेवून टेबलावरून उठलं की बाकीच्यांना हे म्हणायचं. म्हणजे आपलं 'सावकाश होऊ द्या' की हो! परवा मीच पहिली उठले, 'मान मान सिक्' म्हटलं, आणि सवयीने पुढे 'होऊ द्या' पण लागलं. कुणीही काही विचारलं नाही, सगळे खात होते.