त्याच्या वतीने बोललेले खोटे

मुलाच्या कार्यालयात फोन करून ‘त्याला ताप आहे, आज येऊ शकणार नाही’ असे मी पहिल्यांदा सांगितले, तेव्हा आपण त्याची नोकरी वाचवत आहोत अशी माझी ठाम समजूत होती. पुढच्या दीड वर्षात तो ताप पुष्कळदा आला. त्याची उधारी मी फेडली, खराब झालेली चादर त्याच्या वडिलांच्या नजरेस पडण्याआधी धुऊन टाकली, आणि नातेवाइकांना तो अभ्यासात गुंतला आहे असे सांगितले. दारूचे जे परिणाम त्याच्यापर्यंत पोहोचायला हवे होते, ते मी वाटेतच अडवत होते.

हे ध्यानात आले ते अल-अनॉनच्या सभेत. मद्यपींच्या नातेवाइकांसाठीची ही संघटना १९५१ साली अमेरिकेत उभी राहिली. हा आजार तुम्ही निर्माण केलेला नाही, तो तुम्हाला ताब्यात ठेवता येणार नाही आणि बराही करता येणार नाही, असे तिथे सांगतात. पहिले वाक्य ऐकून मला रडू आले. उरलेल्या दोन वाक्यांचा मात्र कितीतरी आठवडे राग येत राहिला, कारण आईने हात टेकावेत असाच त्यांचा अर्थ मी लावला होता.

हात टेकायचे नव्हते, फक्त कोणते काम कोणाचे हे ठरवायचे होते. त्याला घराबाहेर काढा, म्हणजे अक्कल येईल, असे सांगणारे अनेक भेटले. तो सल्ला मला तेव्हा पटला नाही आणि आजही पटत नाही. जेवणाचे ताट, डॉक्टरांकडे सोबत जाणे, तो शुद्धीवर असताना त्याच्याशी बोलणे, हे मी सोडले नाही. पैसे देणे आणि खोटे बोलणे सोडले.

माझ्या अज्ञानातून झालेली एक चूक इथे सांगितलीच पाहिजे. एकदा मी घरातल्या साऱ्या बाटल्या ओतून दिल्या आणि त्याला खोलीत कोंडले. दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागले, आणि रात्री त्याला झटका आला. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली, तर झटके येऊ शकतात, दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन जिवावरही बेतू शकते, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी लागते, हे मला रुग्णालयात कळले. कोणत्याही आईवडिलांना हे असे कळू नये.

उपचारांनंतर चार महिन्यांनी तो पुन्हा प्यायला. मी कोसळले. समुपदेशकांनी समजावले की रक्तदाबाच्या किंवा दम्याच्या रुग्णाचा त्रास उलटतो, तेव्हा आपण त्याला खोटारडा म्हणत नाही, उपचार तपासून पाहतो. त्या रात्री मला झोप लागली नाही, पण मी त्याच्या खोलीची झडतीही घेतली नाही.

सकाळी तो दारात उभा राहिला. “आई, ऑफिसला तू सांगशील?”

“नाही रे. तू सांग. मी शेजारी बसते.”

त्याने बराच वेळ फोन नुसताच हातात धरला. मग नंबर लावला, आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.