पिल्लाच्या गळ्याखालची सूज

ऐन जुलैमध्ये माझ्या भांडुपच्या दवाखान्यात आलेल्या गोल्डन रिट्रीव्हरच्या पिल्लाची केस कागदोपत्री केव्हाच मिटली आहे. मी केलेले निदान नेमके कशाने सिद्ध झाले, या प्रश्नाचा पिच्छा मात्र मला अजून सोडवता आलेला नाही.

पिल्लू नऊ आठवड्यांची मादी होती. वजन पाच किलो, ताप 104 अंश, आणि जबड्याच्या कोनाखाली दोन्ही बाजूंना लिंबाएवढी सूज. त्यातली उजवीकडची मऊ पडू लागली होती आणि तिथे बोट टेकवले तरी ती किंचाळत होती. दुसऱ्या एका डॉक्टरांनी पाच दिवस सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची म्हणजे अँटिबायोटिकची इंजेक्शने दिली होती. सूज वाढतच गेली, तेव्हा "उद्या चिरा देऊन पू काढू" असे त्यांनी सांगितले आणि मालक घाबरून माझ्याकडे आले. पू दिसला की चिरा द्यायचा, ही सवय आमच्या व्यवसायात इतकी मुरली आहे की तो पू कशाचा हे आधी पाहावे, असे फार थोड्यांना वाटते. शिवाय हे पिल्लू पाचव्या आठवड्यातच आईपासून तोडून विकले गेले होते. आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही, असे 2017 च्या श्वानप्रजनन नियमांत स्पष्ट लिहिले असले तरी मुंबईत घेणाऱ्यालाही लहान पिल्लूच हवे असते.

कुत्र्याच्या गळ्याच्या या भागात लसिकाग्रंथी आणि लाळग्रंथी इतक्या लगटून असतात की सूज नेमकी कशाची आहे, हे केवळ हाताला कळेलच असे नाही. लाळ साठली असेल तर सुईतून तार सुटणारा चिकट द्रव येतो. हाडाचा तुकडा किंवा चघळलेल्या खराट्याची हीर घशातून आत घुसली असेल तर सूज बहुधा एकाच बाजूला असते. आणि या वयात लसिकाग्रंथींचा कर्करोग विरळा असला तरी तो नाहीच, असे नुसते पाहून म्हणता येत नाही. म्हणून मी 22 गेजच्या सुईने दोन्ही बाजूंचे नमुने घेतले. तांबूस, दाट पू आला. त्यातला काही भाग कल्चरसाठी, म्हणजे जंतू उगवतात का ते पाहण्यासाठी, पाठवला आणि उरलेल्याच्या स्लाइड केल्या.

पावसाळ्यातली स्लाइड हा स्वतंत्र विषय आहे. हवेतल्या दमटपणामुळे थर लवकर वाळत नाही, पेशी आक्रसतात, आणि पेशी रंगवायच्या लीशमन रंगाच्या बाटलीत ओलावा शिरला असेल तर रंगावर चकाकणारे ठिपके उठतात, जे नवख्या डोळ्याला हमखास जंतू वाटतात. मी लीशमनची बाटली घट्ट बंद ठेवतो, स्लाइड टेबलफॅनसमोर धरून झटपट वाळवतो आणि रंग चढेपर्यंत तिच्याजवळून हलत नाही. हे काम मी प्रयोगशाळेवर सोपवत नाही, कारण तिथे पोहोचेपर्यंत नमुना आणि वेळ दोन्ही शिळे होतात.

सूक्ष्मदर्शकाच्या तेलाच्या लेन्सखाली न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी खच्चून भरलेल्या होत्या, पण त्यांची केंद्रके रेखीव आणि शाबूत होती. जंतूंच्या पुवात ती बहुधा सुजून फिसकटलेली दिसतात आणि पेशींच्या पोटात गिळलेले जंतू सापडतात. इथे मॅक्रोफेज या भक्षक पेशी भरपूर होत्या, जंतू मात्र कितीही जागा पालटून पाहिल्या तरी सापडले नाहीत. मग मी पिल्लाचा चेहरा पुन्हा उजेडात धरला. वरचा ओठ किंचित जाड झाला होता, हनुवटीवर टाचणीच्या टोकाएवढ्या पुटकुळ्या होत्या आणि कानाच्या आत चिकट स्राव होता. हनुवटीची त्वचा रक्त पाझरेपर्यंत खरवडून पाहिली, कारण डेमोडेक्सचे, म्हणजे त्वचेत राहणारे सूक्ष्म, किडे असतील तर मी जे औषध देणार होतो तेच घातक ठरले असते. किडे नव्हते.

निदान ज्युव्हेनाइल सेल्युलायटिसचे, म्हणजे पिल्लांच्या तोंडाला आणि गळ्यातल्या ग्रंथींना जंतूंशिवाय येणाऱ्या सुजेचे होते. या आजारात पिल्लाची स्वतःचीच प्रतिकारशक्ती बिथरते, असे मानले जाते. उपचार म्हणजे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, किलोमागे दोन मिलिग्रॅम, म्हणजे या पिल्लाला रोज दहा मिलिग्रॅम. "डॉक्टर, पू झालाय आणि तुम्ही स्टेरॉइड देताय? माझा मेहुणा मेडिकलवाला आहे, तो तर नको म्हणतो," असे मालक म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते, कारण तो पू जंतूंचा असता तर संसर्ग पिल्लाच्या अंगभर पसरला असता. मी त्यांना आयपीसमधून स्लाइड पाहायला लावली. त्यांना काय दिसले असेल कोणास ठाऊक, पण ते राजी झाले. ओठांवरच्या भेगांसाठी सेफॅलेक्सिन हे अँटिबायोटिक सोबत दिले.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि पाचव्या दिवशी गाठी निम्म्यावर आल्या. कल्चरमध्ये काहीच उगवले नाही, असा अहवाल आला आणि मालकांना तोच पक्का पुरावा वाटला. मला तसे वाटेना, कारण पाच दिवस सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन घेतलेल्या पिल्लाच्या पुवात काही उगवले नाही म्हणून जंतू मुळात नव्हतेच, असे ठरत नाही.

पुढच्या आठवड्यात घरातल्या आजींनी प्रेडनिसोलोन परस्पर बंद केले. स्टेरॉइडने यकृत खराब होते, असे त्यांच्या कानावर आले होते. सेफॅलेक्सिन मात्र "ते चांगलं औषध आहे" म्हणून त्या नेमाने भरवत राहिल्या. चार दिवसांत पिल्लाचे तोंड पुन्हा सुजले. मी भडकलो, आजींना मालकांदेखत चार शब्द सुनावले, पूर्ण डोस पुन्हा सुरू केला, आणि सूज पुन्हा ओसरली. त्यानंतर डोस कित्येक आठवडे अगदी हळूहळू उतरवला. स्टेरॉइड चालू असल्याने जिवंत विषाणूंची लस लांबवली. आणि पार्व्हो या विषाणूच्या भीतीने पिल्लाला तोवर सोसायटीच्या आवारात उतरू दिले नाही. या बंदीचा पहारा आजींनीच केला, तोही कडक.

केसपेपरवर माझ्या अक्षरात ओळ आहे: "प्रेडनिसोलोन बंद, सेफॅलेक्सिन चालू, सूज परत." माझ्या निदानाला यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळाला नसता, आणि तो मिळवण्यासाठी मी स्वतः गोळ्या कधीच थांबवल्या नसत्या. अशी पिल्ले बहुधा आधी कुठेतरी अँटिबायोटिक घेऊनच येतात. त्यांच्या मालकांना कल्चरचा खर्च करायला सांगावा की स्लाइडवरच भरवसा ठेवून पुढे जावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.